घटस्फोटानंतरचे मालमत्तेचे दावे: कौटुंबिक न्यायालय की दिवाणी?

दिवाणी_उमेदवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका प्रकरणाचा मसुदा करायचा आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून मांडतो.

परस्पर संमतीने घटस्फोट, हिंदू विवाह कायदा कलम १३-ब, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा गेल्या वर्षीचा. आपण पूर्वपत्नीकडून आहोत. मागे राहिलेल्या भानगडी चार.

कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्ज चालू, ताबा त्याच्याकडे. कन्सेंट टर्म्समध्ये (घटस्फोटाच्या लेखी तडजोडीच्या अटींत) फ्लॅटचा उल्लेखच नाही. जुन्नर तालुक्यात वीस गुंठे जमीन, सातबाऱ्यावर दोघांची नावं, तिच्याबद्दलही टर्म्समध्ये अक्षर नाही. दागिन्यांबद्दल मात्र एक ओळ आहे: "अर्जदार क्र. १ यांनी अर्जदार क्र. २ यांचे अंदाजे २६ तोळे दागिने एक महिन्यात परत करावेत." अजून दिलेले नाहीत, सासूबाईंच्या नावच्या लॉकरमध्ये आहेत असं कळतं. चौथी गोष्ट, लग्न टिकून असताना तिने पगारखात्यातून त्याच्या धंद्यासाठी उसने दिलेले सहा लाख. लेखी काही नाही, बँकेची नोंद आहे. रक्कम गेली त्याला दोन वर्षं दहा महिने झाले.

आता ते नवरा-बायको राहिलेले नाहीत. मग चारही गोष्टींसाठी कौटुंबिक न्यायालय, की दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर? एकच दावा करायचा की वेगवेगळे?

बांधावरचा_वकील

घटस्फोट झाला, नातं संपलं. आता हे दोन सहहिस्सेदार आणि धनको-ऋणको. सरळ दिवाणीत दावा लावा, समुपदेशनाच्या तारखाही वाचतील.

शिवाजीनगर_कट्टा

बांधावरचे वकीलसाहेब, हा सल्ला पाळला तर पाच वर्षांनी मिळालेला हुकूमनामा कागदाच्या भावात जाईल.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७(१) चं स्पष्टीकरण (क) पाहा. विवाहाच्या पक्षकारांमधला, दोघांच्या किंवा त्यांच्यापैकी एकाच्या मालमत्तेबाबतचा दावा कौटुंबिक न्यायालयाकडे जातो. 'विवाहाचे पक्षकार' म्हणजे आज विवाहित असलेलेच का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली संपवला. केरळमधलं प्रकरण होतं, (२००३) ४ एससीसी १६६. त्यातही नवऱ्याचं म्हणणं हेच होतं, की घटस्फोट झाल्यावर कौटुंबिक न्यायालयाला अधिकार उरत नाही. न्यायालयाने ते फेटाळलं. या कायद्याचे शब्द अरुंद करून वाचले तर कायदा केल्याचा हेतूच मारला जातो, असा त्या निकालाचा रोख आहे. कलम ८ अन्वये त्या हद्दीत दिवाणी न्यायालयाचा अधिकार जातो आणि कलम २० ने हा कायदा इतर कायद्यांवर वरचढ ठरतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. प्रादेशिक किंवा मूल्यविषयक अधिकाराची हरकत कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, टप्प्यावर घेतली नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ मुळे ती पुढे सहसा चालत नाही. विषयाचाच अधिकार नसेल तर हुकूमनामा मुळातच शून्य. समोरचा पाच वर्षं गप्प बसून थेट दरखास्तीत (हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जात) हरकत घेऊ शकतो, आणि ती चालते. दोघांनी संमती दिली म्हणून असा अधिकार निर्माण होत नाही.

पण तुमच्या प्रश्नात 'न्यायालय कुठलं' याच्या आधी एक पायरी राहिली. चारपैकी एका गोष्टीसाठी दावाच लागत नाही. दागिन्यांचा हुकूम तुमच्या हातात आहे. त्यासाठी नवा दावा केला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४७ आडवं येईल, कारण हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे प्रश्न अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयानेच सोडवायचे, वेगळ्या दाव्याने नाही. म्हणजे त्याच कौटुंबिक न्यायालयात दरखास्त. मुदत १२ वर्षं, मुदत कायद्याचा अनुच्छेद १३६. त्यामुळे तिथे घाई नाही. घाई आहे ती सहा लाखांची.

मुदत कायद्याच्या अनुच्छेद १९ प्रमाणे उसन्या पैशांची तीन वर्षं रक्कम दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. 'मागू तेव्हा परत' असा करार असला तरी अनुच्छेद २१ मध्ये तेच. म्हणजे तुमच्याकडे दोन महिने आहेत. परतफेडीची ठरावीक तारीख ठरली होती असं सिद्ध करता आलं तर मोजणी त्या तारखेपासून सुरू होईल, पण लेखी काही नाही म्हणता, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. त्याने मुदत संपायच्या आत सहीनिशी देणं कबूल केलं असेल तर कलम १८ मुळे तीन वर्षं नव्याने सुरू होतात. व्हॉट्सॲपवरचा 'देतो गं पुढच्या महिन्यात' हा मजकूर पुरावा म्हणून जरूर जोडा, पण मुदत वाचवायची ती त्याच्या आधाराने वाचवू नका. सहीचा वाद उभा राहतोच.

दिवाणी_उमेदवार

सर, सहा लाखांची उसनवारी 'मालमत्ता' होते का? समोरचे म्हणणार, हा साधा पैशाचा दावा आहे, दिवाणीत जा.

शिवाजीनगर_कट्टा

म्हणतीलच. म्हणून वादपत्रात स्पष्टीकरण (क) आणि (ड) दोन्ही धरा. (ड) मध्ये वैवाहिक नात्यातून उद्भवलेल्या परिस्थितीतले आदेश आणि मनाई हुकूम येतात. रक्कम कधी दिली, तेव्हा दोघं एकत्र राहत होते का, बायको म्हणून विश्वासाने दिली का, हे सगळं तपशिलाने लिहा. 'प्रतिवादीस हातउसने दिले' एवढ्या एका ओळीवर भागवलंत तर विवाहाशी असलेला धागा वादपत्रातच तुटतो.

तरीही उद्या कौटुंबिक न्यायालयाने 'हे आमचं नाही' म्हटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल १० खाली वादपत्र परत मिळतं, फेटाळलं जात नाही. योग्य न्यायालयात दाखल केल्यावर तो नवा दावा धरतात. पण पहिल्या न्यायालयात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होतो. दोन अटी: पहिला दावा मुदतीत असला पाहिजे, आणि चुकीच्या न्यायालयात जाणं सद्भावनेने झालेलं असलं पाहिजे. २००३ चा निकाल समोर ठेवून कौटुंबिक न्यायालयात गेलात तर सद्भावना दाखवणं सोपं. तोच निकाल ठाऊक असून दिवाणीत गेलात तर अवघड. शंकेचा फायदा कुठल्या बाजूला मिळतो हे एवढ्यावरून कळेल. परतीचा आदेश होताच रूल १०-अ चा अर्ज द्या, म्हणजे नव्या न्यायालयातली तारीख तिथेच नेमून मिळते आणि समन्सची फेरी टळते.

खरी लढत गुणवत्तेवर होईल. 'घरखर्चाला दिले होते, उसने नव्हते' हा ठरलेला बचाव. बँकेच्या नोंदीत वर्णन काय लिहिलंय ते आधी पाहा. त्याच्या खात्यातून ती रक्कम त्याच आठवड्यात मालाच्या पुरवठादाराला गेली असेल तर तो उतारा समन्स करून मागवा. किराणा-वीजबिलाच्या बचावाला त्याहून चांगलं उत्तर नाही.

नाझर_कक्ष

दरखास्तीबद्दल थोडं, कारण तिथेच प्रकरणं अडकतात.

"अंदाजे २६ तोळे दागिने" ही ओळ वाचून कपाळाला हात लावला. यादी नाही, घडणीचं वर्णन नाही, शुद्धता नाही. तोळा कुठला, तेही नाही. सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. २६ तोळ्यांवर ४३ ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे एखादा चपलाहारच. अंमलबजावणी करणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन नवा हुकूम लिहू शकत नाही, पण संदिग्ध ओळीचा अर्थ लावण्यासाठी मूळ अर्ज आणि त्याला जोडलेले कागद पाहू शकतं. म्हणून १३-ब च्या अर्जासोबत यादी जोडलेली होती का, हे आधी नकलेत शोधा. नसेल तर सराफाच्या पावत्या, लग्नातले फोटो आणि प्रतिज्ञापत्र: पाटल्या जोड इतके ग्रॅम, तोडे इतके, मोहनमाळ इतकी, असं एकेक.

दुसरी उणीव पर्यायी रकमेची. ऑर्डर २० रूल १० सांगतो की जंगम वस्तूच्या हुकूमनाम्यात, वस्तू न मिळाल्यास किती रक्कम, तेही लिहावं. तडजोडीच्या हुकूमनाम्यात हे जवळजवळ नेहमी राहून जातं. मग रस्ता ऑर्डर २१ रूल ३१ चा: वस्तू जप्त करणे, ऋणकोला (इथे पूर्वपतीला) दिवाणी कैदेत ठेवणे किंवा त्याची मिळकत जप्त करणे. मिळकत जप्त होऊनही दागिने आले नाहीत तर ती विकून धनकोला भरपाई देता येते. ऋणकोचा फ्लॅटमधला हिस्सा जप्तीला समोरच आहे. बहुतेक वेळा जप्तीची नोटीस सोसायटीच्या फलकावर लागली की दागिने 'सापडतात'.

लॉकर आईच्या नावावर आहे आणि हुकूमनामा आईविरुद्ध नाही, त्यामुळे बेलिफ जाऊन लॉकर फोडेल अशी आशा पक्षकाराला दाखवू नका. बँकेकडून लॉकर उघडल्याची नोंदवही मात्र समन्स करा. तारीख, वेळ आणि कोणी उघडला, एवढं त्यात असतं. हुकूमनाम्यानंतरच्या आठवड्यात नोंद सापडली तर उलटतपासणीला पुरते.

दाखल करताना: महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत मालमत्तेचं प्रकरण 'बी' पिटिशन म्हणून नोंदतात, घटस्फोटाचं 'ए'. जुन्या प्रकरणाचा नंबर आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल सोबत द्या. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ मुळे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, परवानगीचा अर्ज वकीलपत्रासोबतच द्यायचा. तो विसरलात तर पहिली तारीख त्यातच जाते. कोर्ट फीचं म्हणाल तर पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकारांना राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने माफी आहे. तिची प्रत अर्जाला जोडा, नाहीतर फायलिंगच्या खिडकीवर हुज्जत घालत बसाल.

वाटपपत्र

फ्लॅट आणि जमिनीबद्दल.

पुण्याच्या न्यायालयात घटस्फोट झाला म्हणून मिळकतीचा दावाही तिथेच, असं आपोआप होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मधली 'पत्नी राहते तिथे' ही सोय त्या कायद्याखालच्या अर्जांपुरती. मालमत्तेच्या दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं १६ ते २० लागतात, म्हणजे स्थावर मिळकत जिथे आहे तिथे. उद्या ती माहेरी नागपूरला गेली म्हणून कोथरूडच्या फ्लॅटचं वाटप नागपुरात मागता येणार नाही. फ्लॅट एका हद्दीत, जमीन दुसऱ्या हद्दीत असली तर कलम १७ खाली कुठल्याही एका ठिकाणी दोन्हींचा दावा चालतो. कौटुंबिक न्यायालयाची हद्द बहुधा शहरापुरती असते, जुन्नर तीत येतं का ते अधिसूचनेत पाहा. नुसत्या जमिनीचा दावा असता आणि ती हद्दीबाहेर असती, तर कलम ८ चा अडसर तिथे नाही, नेहमीचं दिवाणी न्यायालय. फ्लॅट सोबत असल्याने दोन्ही पुण्यात एकत्र आणणं सोयीचं. दागिन्यांची दरखास्त वेगळी, हे वर आलंच आहे. पैशांचा दावा मात्र मुदतीमुळे आत्ताच लावा, वाटपासाठी थांबवू नका. सहहिस्सेदाराला वाटप मागायला अशी तारीख अंगावर येत नाही, जोवर समोरच्याने उघडपणे हक्क नाकारून ताबा ठेवलेला नाही.

आता डावपेच. दोन बेडरूमचा फ्लॅट कापून वाटता येत नाही. वाटप कायदा, १८९३ च्या कलम २ खाली निम्मा किंवा जास्त हिस्सा असणारा विक्री मागू शकतो. पण त्याने विक्री मागितली की कलम ३ मुळे दुसऱ्याला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क मिळतो. तिला फ्लॅट हवा असेल तर वादपत्रात उत्साहाने 'विक्री करावी' लिहून मोकळे होऊ नका. नुसतं वाटप मागा, विक्रीची मागणी त्याला करू द्या. तिला पैसेच हवे असतील तर खुशाल विक्री मागा.

हप्ते आपणच भरले म्हणून फ्लॅट आपलाच, असं तो म्हणेल. दुसऱ्याच्या नावे घेतलेली मिळकत 'खरी माझी' म्हणू न देणाऱ्या बेनामी कायद्याचा आडोसा इथे तिला मिळेलच असं नाही. ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मिळकत त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, त्यामुळे त्याला हा मुद्दा मांडता येतो. उत्तर पुराव्याचं: तिने स्वतः भरलेली रक्कम किती, तिच्या खात्यातून किती हप्ते गेले, नोंदणीकृत करारनाम्यात हिस्सा किती लिहिलाय. आणि बँक. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नाही. हप्ता थकला की तिचाही सिबिल खाली येतो. वाटपाच्या हुकुमात कर्जफेड आधी, मग शिल्लक, असा क्रम मागून घ्या.

जमीन: शेतसारा लागू असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यामार्फत होतं. वीस गुंठ्यांचे दोन तुकडे पाडताना तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. तिथेही एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

बांधावरचा_वकील

माझं पहिलं उत्तर मागे घेतो. पण सासूबाईंना प्रतिवादी केलं तर? त्या काही 'विवाहाच्या पक्षकार' नाहीत.

शिवाजीनगर_कट्टा

हा मुद्दा खरा, आणि इथे निकाल एका सुरात नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने सोन्याच्या प्रकरणांत सासरच्या मंडळींविरुद्धचे दावेही कौटुंबिक न्यायालयात चालू दिले आहेत. उलट, सासऱ्याने स्वतःच्या घरातून सुनेला काढण्यासाठी केलेला दावा दिवाणी न्यायालयात चालतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने धरलंय. माझ्या मते कसोटी ही: मागणी मुळात नवऱ्याविरुद्ध आहे आणि आई केवळ वस्तू सांभाळून बसली आहे, तर कौटुंबिक. आई स्वतःच्या स्वतंत्र मालकीहक्काने उभी आहे, तर दिवाणी. फ्लॅटच्या करारनाम्यात सासऱ्यांचं तिसरं नाव असतं तर तुमचं सगळं गणित बदललं असतं, म्हणून इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढून एकदा डोळ्यांनी बघाच. धंद्यात बाहेरचा भागीदार असेल आणि सहा लाख पेढीच्या खात्यात गेले असतील, तरी तेच.

आणि टर्म्समध्ये शेवटी "उभयतांचा एकमेकांविरुद्ध कोणताही दावा उरलेला नाही" असं वाक्य आहे का, ते तुम्ही सांगितलंच नाही. असलं तर उसन्या पैशांना ते सगळ्यात जास्त लागेल. फ्लॅटला कमी, कारण स्थावरातला हिस्सा अशा मोघम ओळीने सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो.

दिवाणी_उमेदवार

आहे. "पोटगी, स्त्रीधन व इतर कोणत्याही कारणाने दावा राहणार नाही." दागिन्यांच्या ओळीच्या लगेच खाली.

शिवाजीनगर_कट्टा

मग वादपत्रात त्याला सामोरं जा, लपवू नका. दागिने परत करण्याची ओळ आणि ही ओळ एकत्र वाचल्या तर 'आधी टर्म्स पाळा, मग दावा उरणार नाही' असा अर्थ निघतो, आणि त्याने तर पाळलेल्या नाहीत. पैशांसाठी हा मुद्दा टिकेलच अशी खात्री पक्षकाराला देऊ नका.

म्हापशेकर

गोव्यातल्या वाचकांसाठी जाता जाता: आमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. घटस्फोटानंतर ती वेगळी करायला वाटपाचा साधा दावा नाही, इन्व्हेंटरीची (मालमत्तेची यादी करून वाटणीची) कारवाई करायची, गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ खाली. वरचं वाटपाचं गणित इथे तसंच्या तसं उचलू नका.

फोर्ट_फाइलिंग

मुंबईकरांसाठी एक, बाकी सगळ्यांसाठी एक.

मुंबईतल्या मिळकतीवर दावा लावला म्हणून तिची विक्री आपोआप दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते, असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला इथे राज्याची दुरुस्ती आहे: दावा प्रलंबित असल्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर मधल्या काळातल्या खरेदीदाराविरुद्ध ते कलम वापरता येत नाही. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात नोंदवा आणि सोसायटीला प्रत द्या. ऑर्डर ३९ चा मनाई अर्ज वेगळा द्यायचाच.

दुसरं अपिलाचं. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावरच्या अपिलाला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या पूर्णपीठाने ९० दिवस धरले, ते हिंदू विवाह कायद्याखालचा हुकूमनामा असल्यामुळे. मालमत्तेच्या 'बी' पिटिशनचा निकाल त्या कायद्याखालचा नाही. तिथे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ चे ३० दिवसच. 'फॅमिली मॅटरला नव्वद दिवस' हे बारमध्ये ऐकलेलं वाक्य धरून बसलात तर विलंबमाफीच्या अर्जाने सुरुवात करावी लागेल. नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज दिल्यापासूनचे. म्हणून तो निकालाच्या दिवशीच टाका.